बसणाऱ्यांचा कोट

कोट फारच छान दिसत होता, आणि नेमकं तेच टाचणीला खुपत होतं.

दुपारचा एक वाजला होता. इस्त्रीच्या टेबलावरून नुकताच उतरलेला, अजून कोमट असलेला मातकट राखाडी लोकरी कोट डमीच्या अंगावर चढवला होता. कारखान्यातली चार टाळकी भोवती उभी राहून माना डोलवत होती. खालची कड जमिनीला अगदी समांतर. पाठीवर सुरकुती औषधालाही सापडत नव्हती. पण टाचणीनं कागदावर काढलेला कोट इतका सरळ दिसायचं काही कारणच नव्हतं. तिनं तो वाकडा काढला होता. मुद्दाम.

"काय गं, दृष्ट लागेल म्हणून तोंड पाडून उभी आहेस का?" मशीनवरच्या मावशी म्हणाल्या.

टाचणीनं उत्तर दिलं नाही. तिच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे उत्तर न द्यायला तिच्याकडे बारमाही सबब होती. नावही त्यावरूनच पडलेलं. अर्थात अंगकाठी आणि जीभ या दोन बाबतींतही नाव शोभून दिसायचं, पण ते लोक तिच्या पाठीमागं म्हणायचे.

तिनं गळ्यातला टेप काढला आणि कॉलरच्या शिवणीपासून खालच्या कडेपर्यंत पाठ मोजली. पुन्हा मोजली. टेप काही तिच्यासाठी ताणला जाणार नव्हता. पाठ तीन बोटं आखूड होती. पाचही कोटांची.

चार वाजता शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई येणार होत्या.

हे पाच कोट म्हणजे अकरा वर्षांची कमाई होती. कारखाना साहेबांचा. तिथं शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरखाली साहेबांच्या नावाची पट्टी असे, मग तो कपडा कुणाच्याही डोक्यातून निघालेला असो. टाचणीनं पहिली दोन वर्षं बटणं निवडली, पुढची सात कटिंग मास्तरांच्या टेबलाशी काढली आणि शेवटची दोन साहेबांसाठी चित्रं काढली. बाह्या तिच्या, खिसे तिचे, नाव साहेबांचं. गेल्या हंगामात खरेदीवाल्या बाई सगळा माल बघून म्हणाल्या होत्या, "साहेब, तुमच्याकडे नवं काही शिजतच नाही का?" तेव्हा साहेबांच्या नाकाला मिरची झोंबली आणि त्या भरात ते टाचणीला बोलून गेले, "ठीक आहे, पाच कोट तू कर. तुझ्या नावाची पट्टी लाव. बाईंनी घेतले तर पट्टी राहील. नाही घेतले, तर पुन्हा नावाचं नाव काढायचं नाही."

कोट कसला करायचा, हा प्रश्न टाचणीला पडलाच नाही. तो कोट ती बारा वर्षांची असल्यापासून डोक्यात घेऊन फिरत होती.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर घड्याळ बाहेर ठेवावं लागेल. काउंटरशी वडील, मागं एक फळी, आणि त्या फळीवर शाळेचं दप्तर घेऊन ही. सगळं लहानपण बापाच्या मागं बसण्यात गेलं. बापाच्या तोंडापेक्षा पाठच तिच्या जास्त ओळखीची होती. डोळ्याला भिंग लावून ते वाकले की कोट वर सरके, मानेपाशी कॉलर उभी राही आणि कमरेशी चार बोटं शर्ट उघडा पडे. थंडीच्या दिवसांत आई डबा घेऊन आली की आधी ओरडायची, "पाठ झाका! लोकांची घड्याळं सुधारता सुधारता स्वतःचे काटे थांबतील!"

एके दिवशी टाचणीनं जुन्या कांबळ्याची पट्टी कापली आणि कोटाला मागून जोडून टाकली. टाके असे, की उंदरानं घातले असावेत. वडील कोट घालून बसले, आणि पहिल्यांदाच त्यांची पाठ झाकली गेली. पण गिऱ्हाइकाला घड्याळ द्यायला उठले, तर मागं शेपटी लोंबायला लागली. गिऱ्हाईक हसलं. शेजारचा चपला शिवणारा मुद्दाम उठून बघायला आला.

"काढून टाकू का?" तिनं रडकुंडीला येऊन विचारलं.

"कशाला? हसतात ते मी उभा असेपर्यंत," वडील म्हणाले. "आणि मी उभा किती वेळ असतो? बसायचं तर दिवसभर आहे."

पुढं शिवणशाळेत गेल्यावर, बिनहाताच्या, बिनडोक्याच्या, कायम ताठ उभ्या असलेल्या डमीकडे बोट करून तिनं मास्तरांना विचारलं, "मास्तर, हा कधी बसत नाही का?" वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी तिला बाकावर उभं केलं, म्हणजे प्रश्नाचं उत्तर एका परीनं मिळालंच. तेव्हापासून ती माणसं बघायची ती मागून, आणि बसलेली. दवाखान्याच्या बाकांवरची, तिकीट खिडकीतली, गल्ल्यावरची. वहीच्या वह्या पाठींनी भरल्या. आई म्हणायची, "लोकांच्या पाठी बघत हिंडतेस. त्यातली चार तोंडं बघितली असतीस, तर एव्हाना जावई घरात असता."

तर त्या वह्यांतून हा कोट उतरला होता. पाठ मध्यावर तीन बोटं लांब, कडेला येईतो निमुळती. पुढची बाजू दोन बोटं आखूड, म्हणजे मांडीवर कापडाचं गाठोडं होत नाही. उभं राहिलं की कोट मागं कललेला दिसणार, थोडा बावळटच. पण माणूस बसला, की कड सरळ होऊन गप्प बसणार.

आणि आता तोच कोट डमीवर, उभ्याच्या उभ्या, सरळ होता.

तिनं डमीवरचा कोट उतरवून अंगात घातला आणि मावशींना म्हणाली, "जरा उठा." मग मशीनसमोरच्या खुर्चीत बसून दोन्ही हात पुढं केले. "मागून काय दिसतं?"

"शर्ट," मावशी म्हणाल्या.

"केवढा?"

"तुझी आई ओरडेल एवढा."

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. मावशींनी नजर चुकवली आणि दोऱ्याचं रीळ उगाच फिरवत राहिल्या. त्यांना ठाऊक होतं. पाठी त्यांच्याच हाताखालून गेल्या होत्या.

"मावशी, तुम्हाला शिवतानाच कळलं होतं."

"कळलं होतं. तुझ्या कागदी फर्म्यावर लांब होती, हातात आली ती आखूड."

"मग बोलला का नाहीत?"

"कापलं कुणी, ते बघ आधी. त्या टेबलावरून आलेल्या कापडाला मी शिवते, प्रश्न विचारत नाही. सव्वीस वर्षं अशीच काढलीत."

त्या टेबलावर मामा असत. मामा कारखान्याचे कटिंग मास्तर, सगळ्यांचे मामा आणि खरे कुणाचेच नाहीत. मामा आणि मावशी असूनही त्या दोघांत नातं सोडा, पंधरा वर्षं धड बोलणंही नव्हतं. कधीतरी एका बाहीवरून बिनसलं होतं. बाही केव्हाच फाटून गेली असेल, अबोला मात्र अजून नवाकोरा. कारखान्यात कापडाला कात्री लावायची ती फक्त मामांनी, आणि ते कापत असताना कुणी डोकावायचं नाही, हा इथला कायदा. टाचणीला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे फर्मा त्यांच्या हातात देऊन ती निर्धास्तपणे अस्तरं आणायला बाहेर गेली होती. तीन दिवस.

ती कटिंगच्या खोलीत गेली तेव्हा मामा उभ्याउभ्या चहा पीत होते.

"मामा, कोटाच्या पाठी."

"हं." मामांनी बशी खाली ठेवली, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "कुणाला बोललो नाही मी. काळजी करू नकोस."

"कशाबद्दल?"

"अगं, पाठ लांब, पोट आखूड. घाईत काढलं असशील. होतं असं. मी सरळ करून टाकलं. पहिलंच काम तुझं, चारचौघांत हसं कशाला?"

टाचणीला त्यांच्यावर रागावताही येईना. कारण मामा जे बोलत होते ती त्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी माया होती. चित्र काढणाऱ्यानं चूक करायची, आणि चांगल्या कटिंग मास्तरानं ती कात्रीसकट पोटात घालायची. ना विचारायचं, ना सांगायचं. एकदा साहेबांनी असा गळा काढला होता, की त्यातून डोकं जायचं तर आधी कान काढून ठेवावे लागले असते. मामांनी मुकाट्यानं तो मोठा केला, आणि त्या गळ्याचं कौतुक पुढं वर्षभर साहेबांनी मिरवलं. अशा झाकलेल्या चुकांवर हा कारखाना उभा होता. टाचणीची चूक झाकली, म्हणजे मामांनी तिला साहेबांच्या पंगतीला बसवलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "ती चूक नव्हती."

मामांच्या हातातला कप हवेतच राहिला.

"फर्म्यावर लिहिलं होतं मी. 'मुद्दाम' म्हणून. लाल पेन्सिलीनं."

"मुद्दाम असं सगळेच लिहितात," मामा म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता. "साहेबांनीही गळ्यावर लिहिलं होतं."

"हा कोट उभ्या माणसासाठी नाहीच आहे."

"मग काय झोपलेल्या माणसासाठी आहे?"

"चला माझ्याबरोबर. बसून बघा."

"मी?" मामांनी अशा चेहऱ्यानं विचारलं, जणू तिनं त्यांना झाडावर चढायला सांगितलं होतं. चाळीस वर्षं ते टेबलाशी उभे होते. कापड उभ्यानं कापतात. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं. त्यांच्या खोलीत खुर्चीच नव्हती. आणि त्या क्षणी टाचणीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला, की ज्यांनी जन्मभर बसणाऱ्यांचे कपडे कापले, ते स्वतः कामावर कधी बसलेच नव्हते.

तिनं कोट त्यांच्या अंगात चढवला आणि दंडाला धरून मावशींच्या खुर्चीपाशी आणलं. मावशी पुन्हा उठल्या. मामा अवघडून टेकले.

"हात पुढं करा. मशीनवर कापड सरकवताय असे. अजून. आता वाका."

खांद्यापाशी शिवण करकरली. कॉलर मानेपासून सुटली. मागून कोट वर चढला आणि मामांचा शर्ट उघडा पडला.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा मावशी त्यांच्याशी बोलल्या. "वारा लागतोय का?"

मामांनी एक हात मागं नेऊन उघडा शर्ट चाचपला. मग म्हणाले, "रोज असंच बसता तुम्ही?"

"नाही. रविवारी नसते बसत."

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले आणि साहेब आत आले. मामांना खुर्चीत बसलेलं पाहून ते दारातच थबकले. पण मग त्यांची नजर खुंटीवरच्या बाकीच्या चार कोटांवर गेली आणि चेहरा उजळला.

"अरे वा! हे आहेत का ते? कागदावर बघून मला धडकीच भरली होती. म्हटलं, ही बया मागं शेपूट लावणार. पण हे तर..." त्यांनी एक कोट दिव्यापाशी धरला. "झक्कास."

"साहेब, पाठी चुकून आखूड झाल्यात," टाचणी म्हणाली.

"चुकून का होईना, झाल्या ना?"

"मी काढलेला कोट हा नव्हे."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि त्यांना सगळं उमगलं. ते हसले. "मामांनी वाचवलं तुला. पाया पड त्यांच्या." मग हसू आवरून म्हणाले, "हे बघ, मी आता बाईंना आणायला चाललोय. चारला इथं असतो. पाच कोट आहेत तसे राहतील. नाव तुझं, बाई खूश, मी खूश. कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

बूट खाली उतरत गेले.

दीड वाजला होता. टाचणी खुंटीपाशी उभी राहिली. चार कोट, चार पट्ट्या, प्रत्येकीवर तिचं नाव, स्वतः निवडलेल्या निळ्या दोऱ्यानं विणलेलं. हात लावला नाही, तर अडीच तासांनी ती डिझायनर होणार होती. कुणाला काही कळणार नव्हतं. कोट उत्तम होते. तसे कोट शहरातल्या प्रत्येक दुकानात होते, एवढीच काय ती गोष्ट.

"कापड किती उरलंय?" तिनं वळून विचारलं.

"कापड नाही," मामा म्हणाले. "ठाणाचं शेवटचं टोक होतं ते." ते खुर्चीतून उठले, कोट काढून नीट घडी घातला, आपल्या खोलीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात कापडाच्या पाच फाकी होत्या. मध्ये तीन बोटं रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या, होडीसारख्या. टाचणीच्या पाठींतून कापलेला माल.

"फेकल्या नाहीत तुम्ही?"

"कापड कुणी फेकतं?" मामा खेकसले. मग एक फाक कोटाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडांखाली, आडवी ठेवून बघितली. "खाली जोडली तर ठिगळ दिसेल. इथं पाठ आडवी उघडायची, ही आत बसवायची. टोकं बाहीच्या शिवणीत जिरतील. दोन्ही शिलाईत मिळून एक बोट जाईल. दोन मिळतील तुला."

"दोन चालतील."

"पाच होणार नाहीत. अस्तर उसवायचं, पाठ उघडायची, पुन्हा सगळं बंद करायचं. एक होईल. तोही नशिबानं."

"साहेब म्हणालेत हात लावू नका," मावशी म्हणाल्या आणि दिवा ओढून मशीनजवळ घेतला. "आणा इकडं."

पुढचे दोन तास त्या खोलीत फक्त कामापुरतं बोलणं झालं. टाचणीनं अस्तर उसवलं. मामांनी पाठीवर खडूनं रेघ मारली, आणि चांगल्या शिवलेल्या कोटाला मधोमध कात्री लावताना त्यांनी दात असे आवळले, की जणू ती आपल्याच अंगावर चालवताहेत. मावशी फाक लावायला बसल्या, तर मामा ओरडले, "उलटी! वीण बघा, वीण! तिरपी रेघ कुठून कुठं जातेय ते दिसत नाही का?" मावशींनी फाक फिरवली आणि पुटपुटल्या, "पंधरा वर्षं बरं चाललं होतं." तीनला पाच कमी असताना जाड शिवणीवर सुई मोडली. दुसरी सुई बारीक निघाली, तिसरी डब्यात सापडेना. ती शोधण्यात दहा मिनिटं गेली, आणि त्या दहा मिनिटांत टाचणीनं खिडकीतून रस्त्याकडे एवढ्या वेळा पाहिलं, की शेवटी मावशींनी तिला सांगितलं, "तू बघितल्यानं गाडी उशिरा येणार नाही. अस्तर धर."

चारला सात मिनिटं कमी असताना बूट वाजले. बरोबर हलक्या चपला. इस्त्री अजून कोटावर होती.

खरेदीवाल्या बाई ठेंगण्या, झपाझप चालणाऱ्या, साखळीला चष्मा अडकवलेल्या. कपडा आधी आतून बघायचा, मग बाहेरून, अशी त्यांची रीत. कपडे घालून दाखवायला ठेवलेली एक उंच मुलगी कोट घालून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, आणि बाई बाजूला उभ्या राहून वहीत काहीतरी टिपायच्या. पहिला कोट. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी मान हलवली. चौथ्याला म्हणाल्या, "छान. स्वच्छ काम आहे." साहेबांनी टाचणीकडे असं पाहिलं, जणू तिला त्यांनीच जन्म दिला होता.

मग मुलगी पाचवा घालून आली.

पुढून ठीक होता. वळली, आणि पाठीवरची नवी शिवण दिसली. तिच्याखाली कापड सैल सुटून मागं कललेलं. इस्त्रीची वाफ अजून पुरती गेली नव्हती. साहेबांचा चेहरा उतरत्या इस्त्रीसारखा थंड होत गेला.

बाईंनी चष्मा लावला. "यात अजून कुणी यायचं आहे का?"

मुलगी फिसकन हसली. साहेबही हसले, घाईघाईनं. "तो नमुना होता, चुकून आला. बाजूला काढ गं."

"हे चार घेते मी," बाईंनी वही मिटली. "नवीन नाव आहे म्हणालात ना? कुणाचं?"

साहेबांनी टाचणीकडे हात केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या हाताच्या टोकाला ती होती.

"चार चुकलेत," टाचणी म्हणाली. "बरोबर आहे तो पाचवा."

बाईंनी मिटलेली वही काखेत मारली.

"मला बरोबर-चूक कळत नाही," बाई म्हणाल्या. "विकेल की नाही एवढं कळतं."

"तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर किती वेळ उभं असतं?"

"पाच मिनिटं."

"आणि कोट किती वर्षं घालतं? त्यातला निम्मा वेळ बसून. तो कोट बसण्यासाठी..."

"अहो," खरेदीवाल्या बाईंनी तिला मध्येच थांबवलं, पण रागानं नाही. "कोट विकला जातो तो त्या पाच मिनिटांत. पुढची वर्षं माझ्या दुकानात येत नाहीत."

खरं सांगायचं तर टाचणीला ते पटलं. रात्रंदिवस लोकांच्या पाठी बघण्याच्या नादात आरसा पुढून असतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पण मागं फिरायचा रस्ताही आता कुठं होता?

"मग त्या चारांवर माझं नाव नको," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?" साहेब दातांतल्या दातांत बोलले. "अकरा वर्षं माझ्या मागं लागली होतीस नावासाठी!"

तिनं खिशातून उसवायची सुई काढली. पहिला कोट उलटा केला आणि कॉलरखालची पट्टी उसवायला लागली. घाईत सुईचं टोक अस्तराला लागलं. दुसरी पट्टी. तिसरी काढताना मागून मामांचा आवाज आला.

"त्या पाठी मी कापल्या."

मामा कटिंगच्या खोलीच्या दारात उभे होते. पाहुण्यांसमोर ते कधी यायचे नाहीत.

"कागद बरोबर होता. मला वाटलं चूक आहे, म्हणून मी तिला न विचारता कापलं. ते चार माझे आहेत. तिचा हा एक."

"मामा, तुम्ही आत जा," साहेब म्हणाले.

"जातो."

पण बाई आता साहेबांकडे बघत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून मामांकडे नीट निरखून पाहिलं. "बत्तीस वर्षं हा धंदा करतेय मी," त्या म्हणाल्या. "कटिंग मास्तरानं चूक कबूल केलेली आज पहिल्यांदा ऐकतेय. चूक बरीच मोठी दिसते." त्यांनी मुलीच्या अंगावरचा कोट मागितला, उलटा केला, मधल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "वीण तरी जुळवलीत."

"सुई मोडली त्यात एक," मावशींनी माहिती पुरवली.

"चार कोट घेते. नाव कुणाचंही लावा, साहेब, ते तुमचं तुम्ही बघा. आणि हा..." बाईंनी कोट हातावर टाकला. "माझ्या गल्ल्यावरची बाई दिवसभर बसलेली असते आणि दिवसभर कुरकुरत असते. पाठ, मान, थंडी, सगळ्या तक्रारी आहेत तिच्याकडे. तिला घालायला देते पंधरा दिवस. तिचं तोंड बंद झालं तर बघू. नाही झालं, तर हा परत येईल, आणि मला पुन्हा भाषण ऐकवायचं नाही."

चारांवर साहेबांच्या पट्ट्या लागल्या. दुसऱ्या दिवसापासून टाचणी पुन्हा साहेबांसाठी बाह्या काढायला बसली. साहेब तिच्याशी बोलत नव्हते. कारखान्यात अबोल्याची जागा रिकामी झालीच होती, ती त्यांनी भरून काढली. मावशी आणि मामा मात्र आता रोज भांडत. आठ दिवस गेले. दहा गेले. बाहेर कुरिअरवाल्याची गाडी थांबली की टाचणीची पेन्सिल थांबायची. पंधराव्या दिवशी कोट आला नाही. सोळाव्या दिवशीही नाही. साहेब जाता जाता हवेत बोलले, "हरवला असेल. बरं झालं."

सतराव्या दिवशी फोन आला. साहेबांनी उचलला, ऐकला, आणि टाचणीपुढं धरला.

"कोट परत मागितला मी," खरेदीवाल्या बाई तिकडून म्हणाल्या. आवाज वैतागलेला होता. "देत नाही म्हणते. म्हणते, आधी राजीनामा घ्या. आणि वर गिऱ्हाइकांना उठून दाखवते, बसून दाखवते. गल्ला सोडून. दोघींनी मागितला काल."

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढायला हात वर नेला.

"ऐकताय ना? सहा पाठवा. पण पाठीवरची ती शिवण नको मला. पाठ अखंड हवी. आणि पट्टी विसरू नका. हिच्या कोटाला पट्टीच नाही, लोक विचारतात कुणाचा, तर मी काय सांगू?"

त्या दिवशी घाईत त्या कोटाला पट्टी लावायचीच राहिली होती. हे टाचणीला तेव्हा कळलं.

नवं ठाण आलं, त्या सकाळी तिनं कागदी फर्मा मामांच्या टेबलावर अंथरला आणि बाजूला झाली. कायदा तिला ठाऊक होता. पण मामा म्हणाले, "थांब इथंच." त्यांनी खडूनं पाठ आखली. मधोमध रेघ खाली उतरत गेली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात ती सरळ करायला एकदा उचललाही गेला. तो त्यांनी खाली घेतला.

"तीन बोटं," ते म्हणाले. "कुणाची बोटं? तुझी का माझी?"

"माझी."

मामांनी तिचा हात ओढून कापडावर ठेवला, आपला शेजारी ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "तुझी तीन म्हणजे माझी अडीच."

"मग?"

"मग काय? माझ्या बोटांनी ठेवतो. गल्ल्यावरच्या बाईला तेवढी पाठ जास्त."

"मामा, फर्म्यावर जेवढं आहे तेवढंच."

मामांनी कात्री उचलली आणि तिच्याकडे बघत थांबून राहिले.

"तुमची अडीच," टाचणी म्हणाली. "कापा."